पास म्हणजे उपकार नव्हे, आगाऊ भरलेले तिकीट!

२२ जानेवारी २०२० रोजी अहमदाबादहून मुंबईला येणारी तेजस एक्स्प्रेस सुमारे दीड तास उशिरा पोहोचली. भाईंदर-दहिसर दरम्यान ओव्हरहेड वायरमध्ये बिघाड झाला होता. ही गाडी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आयआरसीटीसीने नियम केला होता की गाडीला तासाभराहून जास्त उशीर झाला तर प्रवाशाला १०० रुपये आणि दोन तासांहून जास्त झाला तर २५० रुपये. त्याप्रमाणे त्या दिवशी सुमारे ६३० प्रवासी शंभर-शंभर रुपयांना पात्र ठरले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, कौतुकही झाले. रेल्वे आता बदलली, असे म्हटले गेले.

ज्या भाईंदर-दहिसरच्या पट्ट्यात ती वायर बिघडली, त्याच पट्ट्यातून विरारच्या लोकल धावतात. त्या लोकलमधल्या माणसाला शंभर रुपये तर सोडाच, शंभर पैसेही मिळण्याची सोय नव्हती. कारण तो नियम त्याच्यासाठी नव्हताच. वातानुकूलित गाडीत खुर्चीवर बसून येणाऱ्याच्या वेळेला किंमत होती. दाराच्या दांडीला लोंबकळून येणाऱ्याच्या वेळेला नव्हती. वेळ दोघांचीही गेली, पण भरपाई वर्ग बघून ठरली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये तेजसचीही ती योजना बंद झाली, म्हणजे आता दोघेही सारखेच झाले. समता आली म्हणायची, पण ती वरच्याला खाली आणून!

आम्ही हा विषय का काढला? मुंबईच्या लोकलने कोरोनापूर्वी रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवास होत असे. त्यात पासावर जाणाऱ्यांचा भरणा मोठा. आणि या पासधारकांमध्ये आपली माणसे किती आहेत हे सांगण्यासाठी कुठल्या सर्वेक्षणाची गरज नाही. पहाटे चारच्या पहिल्या गाडीला कर्जत, कसारा, टिटवाळा, विरार, पनवेलच्या फलाटावर जाऊन उभे राहावे आणि बघावे. सफाई कामगार, हॉस्पिटलमधले वॉर्डबॉय आणि आया, सुरक्षारक्षक, कंत्राटी मजूर, घरकामाच्या बाया, भाजीच्या पाट्या घेतलेल्या मावश्या. शहरात राहणे परवडत नाही म्हणून ज्यांना शहराबाहेर जावे लागले, तीच माणसे शहर झाडायला, शहराची आजारपणे काढायला रोज सकाळी परत येतात.

पहिली गोष्ट म्हणजे ‘पास’ या शब्दाचाच घोळ आहे. आपण ज्याला पास म्हणतो त्याला रेल्वेच्या कागदोपत्री ‘सीझन तिकीट’ म्हणतात. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात ‘पास’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे. सरकारने किंवा रेल्वे प्रशासनाने एखाद्याला प्रवासाची जी परवानगी दिली, तो पास. आणि त्यात तिकीट येत नाही, असे कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणजे रेल्वेच्या नोकराला मिळतो तो पास. आपण खिडकीवर रांग लावून, रोख पैसे मोजून घेतो ते तिकीट. पण ‘पास’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात सवलत येते, मेहेरबानी येते. २००९ साली रेल्वेने महिना दीड हजार रुपयांपर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगारांसाठी २५ रुपयांचा पास काढला, त्याचे नावच ‘इज्जत’ ठेवले. योजना चांगली होती, गरिबाच्या कामी आली. पण इज्जत फक्त पास देण्यात नसते, गाडी वेळेवर देण्यातही असते, हे कोणाला सुचले नाही.

शिवाय हे तिकीट आगाऊ आहे. महिनाभराचे, तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे रेल्वे आधी घेते आणि सेवा नंतर देते. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर पासधारक हा रेल्वेचा धनको आहे. धनकोने कर्जदारापुढे हात जोडून उभे राहायचे, ही उलटी रीत फक्त फलाटावरच बघायला मिळते.

या आगाऊ पैशाच्या बदल्यात रेल्वे वेळेची हमी देते का? नाही. इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनच्या कोचिंग टॅरिफमध्ये ११४ आणि ११५ क्रमांकाचे नियम आहेत. त्यांचा मतितार्थ असा की गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटेल वा पोहोचेल याची रेल्वे हमी देत नाही आणि उशिरामुळे झालेल्या नुकसानीला जबाबदार नाही. दुकानदाराने पाटी लावावी की माल खराब निघाला तर आम्ही जबाबदार नाही, तसला हा प्रकार. आरक्षित तिकीटवाल्याला निदान एक वाट आहे. गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि त्याने प्रवासच केला नाही, तर २०१५ च्या परतावा नियमांप्रमाणे पूर्ण पैसे परत मागता येतात. लोकलच्या पासधारकाला तीही वाट नाही. त्याची गाडी तीन तास लेट होत नाही, ती रोज वीस मिनिटे लेट होते. महिन्याकाठी कित्येक तास जातात, पण ते सुटे सुटे जातात. सुट्या नुकसानीचा हिशेब कोणी धरत नाही.

हा हिशेब कुठे धरला जातो ते आम्हाला एका बाईंनी सांगितले. त्या आमच्या ओळखीच्या. एका खासगी हॉस्पिटलात कंत्राटदारामार्फत सफाईचे काम करतात. पहाटे साडेतीनला उठतात, चूल आवरतात, मुलीचा डबा भरतात आणि गाडी धरतात. सातची पाळी. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत मुकादम काही म्हणत नाही. सव्वासातला लेटमार्क. साडेसात झाले की अर्धा खाडा. त्या दिवशी काम मात्र पूर्ण पाळीचे करायचे. गाडी लेट होती असे सांगितले की मुकादम म्हणतो, “सगळ्यांचीच गाडी लेट असते. कागद आण.” कागद कुठून आणणार? स्टेशनवर विचारले तर खिडकीवरचा माणूस इंडिकेटरकडे बोट दाखवतो.

आम्ही त्यांना म्हटले, ताई, रेल्वेने तुमचे किती नुकसान केले याचा काही हिशेब आहे का? त्या म्हणाल्या, “भाऊ, ते सगळं मुकादमाच्या वहीत हाय. रेल्वेच्या वहीत कुठं हाय?”

आम्ही निरुत्तर झालो. या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. उशीर रेल्वेचा, दंड कामगाराला, आणि पुरावा कोणाकडेच नाही.

आता पहिला भाग मुकादमाचा. चाळीस मिनिटे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी कापणे हे कायद्यात बसत नाही, ही गोष्ट आपल्या कामगारांना कोणी सांगतच नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट होते की गैरहजेरीबद्दलची कपात ही जितका वेळ माणूस गैरहजर होता तितक्याच प्रमाणात करता येते, त्याहून जास्त नाही. हा कायदा आता वेतन संहिता २०१९ मध्ये सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्या कलम २० मध्ये तेच तत्त्व आहे. नव्या श्रमसंहितांवर कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत. पण हे एक कलम आपल्या हातात आहे. आठ तासांची पाळी आणि ६०० रुपये रोज धरला, तर चाळीस मिनिटांचे ५० रुपये होतात. मुकादम ३०० कापतो. उरलेले अडीचशे कोणाच्या खिशात जातात? ते रेल्वेच्या खिशात जात नाहीत, कंत्राटदाराच्या जातात. गाडीच्या उशिरावर असा धंदा चालतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ साली कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. कामगाराच्या तासाला किंमत आहे, हे त्या काळी कायद्याने मान्य करून घ्यावे लागले. आज कागदावर आठ तास आहेत, पण कसाऱ्याहून येणाऱ्याचे आणखी चार-पाच तास गाडीत जातात आणि त्यातले किती उशिराचे हे कोणी मोजत नाही.

दुसरा भाग रेल्वेचा. ते नियम ११४ आणि ११५ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ आहे काय? तशी समजूत होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी ती मोडली. प्रकरण असे. राजस्थानातले एक कुटुंब जून २०१६ मध्ये अजमेर-जम्मू एक्स्प्रेसने निघाले. गाडी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जम्मूला पोहोचायची ती दुपारी बाराला पोहोचली. बाराच्याच सुमारास त्यांचे श्रीनगरचे विमान होते, ते गेले. मग टॅक्सी करावी लागली आणि दल सरोवरातल्या बोटीचे बुकिंगही वाया गेले. अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाने टॅक्सीचे १५ हजार, बुकिंगचे १० हजार, शिवाय मनस्ताप आणि दाव्याच्या खर्चापोटी रक्कम देण्याचा आदेश दिला. रेल्वे राज्य आयोगात हरली, राष्ट्रीय आयोगात हरली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे याच ११४ आणि ११५ चा हवाला दिला गेला. न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने तो मानला नाही. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे : उशीर का झाला आणि तो आपल्या हाताबाहेरचा होता, हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध करता आले नाही तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि भरपाई द्यावी लागेल. प्रवाशाला प्रशासनाच्या दयेवर सोडता येणार नाही.

हा निकाल महत्त्वाचा आहे तो त्यातल्या रकमेमुळे नव्हे. स्पष्टीकरण देण्याचे ओझे त्याने रेल्वेच्या खांद्यावर टाकले. पाऊस पडला, रुळावर कोणी आले, गुरे आडवी आली, तर रेल्वेला दोष देणे बरोबर नाही, हे आम्हीही मानतो. पण रोजच्या रोज ‘तांत्रिक कारणामुळे’ एवढेच बोलून चालणार नाही. कोणते तांत्रिक कारण? ते टाळता आले नसते का? हे विचारण्याचा अधिकार आता आहे.

मग पासधारक ग्राहक आयोगात का जात नाहीत? याचे उत्तर सोपे आहे. अजमेर-जम्मूच्या त्या प्रवाशाकडे विमानाचे तिकीट होते, टॅक्सीचा खर्च होता, बुकिंगचा कागद होता. नुकसान कागदावर होते. आमच्या त्या ताईंकडे काय आहे? नुकसान आहे, कागद नाही. ज्यांच्या आयुष्याची नोंदच कुठे होत नाही त्यांच्या नुकसानीची कशी होणार?

परदेशात काय चालते तेही बघू, कारण आमचे पुढारी बुलेट ट्रेन बघायला परदेशात जातात तेव्हा ही गोष्ट बघून येत नाहीत. ब्रिटनमध्ये अनेक रेल्वे कंपन्यांमध्ये ‘डिले रिपे’ नावाची पद्धत आहे. गाडीला १५ मिनिटे उशीर झाला तर एकेरी भाड्याचा चौथा हिस्सा, अर्धा तास झाला तर निम्मे आणि तास झाला तर पूर्ण भाडे परत. उशीर कोणाच्या चुकीने झाला हे विचारत नाहीत. आणि पासधारकाला यातून वगळलेले नाही. वर्षाच्या पासाचे ४६४ प्रवास धरतात, महिन्याच्या पासाचे ४० आणि आठवड्याच्या पासाचे १०. त्या भागाकाराने एका प्रवासाची किंमत काढतात आणि त्यावर भरपाई देतात. युरोपीय संघाचा जो नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे, त्यातही पासधारकाला वारंवार उशीर सोसावा लागला तर भरपाईचा हक्क आहे. जर्मनीत दुसऱ्या वर्गाच्या पासधारकाला तासाभराच्या उशिरामागे दीड युरो मिळतो. पण एकूण रक्कम चार युरोंच्या खाली असेल तर देत नाहीत, म्हणून लोक किमान तीन उशीर साठवून एकदम अर्ज करतात.

हे वाचून कोणालाही वाटेल की हीच पद्धत इथे आणावी. आम्हालाही वाटले. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. कल्याण ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास ३१५ रुपयांचा. ब्रिटनच्या पद्धतीने त्याचे ४० भाग केले तर एका प्रवासाचे ७ रुपये ८८ पैसे. अर्धा तास उशीर झाला तर निम्मे, म्हणजे चार रुपयेही नाहीत. चार रुपयांत अर्धा वडापावसुद्धा येत नाही! आणि त्या अर्ध्या तासात ताईंची मजुरी गेली ३०० रुपये. म्हणजे विलायती सूत्र जसेच्या तसे उचलले तर आपल्या माणसाच्या हातात चिल्लर पडेल आणि रेल्वे म्हणेल, घ्या, दिली भरपाई, आता गप्प बसा.

म्हणून आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. आपल्याकडच्या पासधारकाचे खरे नुकसान भाड्याचे नाही, मजुरीचे आहे, परीक्षेचे आहे, मुलाखतीचे आहे. ते भरून काढायचे तर पहिली गरज पैशाची नाही, कागदाची आहे. याबाबतीत जपानकडून शिकण्यासारखे आहे. तिथे गाडी पाच मिनिटे जरी लेट झाली तरी स्टेशनवर एक चिठ्ठी मिळते. तारीख, मार्ग, किती मिनिटे उशीर. आता ती इंटरनेटवरही मिळते. कामगार ती चिठ्ठी कामावर दाखवतो, विद्यार्थी शाळेत दाखवतो. पासाचे पैसे तिथेही परत मिळत नाहीत. पण उशिराचा ठपका ज्याचा त्याच्या नावावर राहतो.

अशी चिठ्ठी मुंबईत का देता येऊ नये? लोकलच्या प्रत्येक गाडीला क्रमांक आहे. ती कोणत्या स्टेशनवर किती वाजता आली याची नोंद रेल्वेकडे होते. पास मोबाईलवर निघतो, तर उशिराचा दाखला मोबाईलवर निघायला काय अडचण आहे? अडचण यंत्राची नाही. दाखला दिला की कबुली दिली, आणि कबुली दिली की जबाबदारी आली. खरी अडचण तिथे आहे.

दुसरी गोष्ट पासाच्या मुदतीची. रेल्वे म्हणेल, एकेका दिवसाचा हिशेब ठेवणे शक्य नाही. पण तो तिने ठेवलेला आहे! मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत लोकल बंद झाली, तेव्हा लाखो लोकांच्या पासांचे दिवस वाया गेले. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकल खुली झाली, तेव्हा जेवढे दिवस शिल्लक राहिले होते तेवढे पासात वाढवून दिले गेले. म्हणजे मनात असले की दिवस मोजता येतात. मग मे-जून २०२४ मध्ये ठाणे आणि सीएसएमटीच्या फलाटांच्या कामासाठी मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला, तीन दिवसांत ९३० लोकल रद्द केल्या, तेव्हाही हेच करायला काय हरकत होती? काम गरजेचे होते, फलाट रुंद झाले ते आपल्याच सोयीचे, हे मान्य. पण आगाऊ पैसे घेतलेली सेवा त्या दिवसांत मिळाली नाही, हेही तितकेच खरे. त्या वेळी लोकांना घरून काम करा, गरज नसेल तर प्रवास टाळा, असे सांगण्यात आले होते. हॉस्पिटलची फरशी घरून कशी पुसायची, हे मात्र कोणी सांगितले नाही.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. पास आधीच स्वस्त आहे, रेल्वे तोट्यात चालवते, मग भरपाई कसली मागता? २०१६ पासून तिकिटांवर छापून यायला लागले की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वेला वसूल होतात. गरिबाच्या तिकिटावर गरिबालाच ऐकवायचे! आम्ही एवढेच विचारतो की रेशनचा तांदूळ स्वस्त असतो म्हणून दुकानदाराला काटा मारायची परवानगी असते काय? सरकारी दवाखान्यात केसपेपर स्वस्त असतो म्हणून डॉक्टरने हलगर्जी करावी काय? दर किती ठेवायचा हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे. दर एकदा ठरला की त्या दराची सेवा पूर्ण द्यायची. शिवाय स्वस्त लोकलचा फायदा फक्त कामगाराला होत नाही. कर्जतहून माणूस वेळेवर कामावर येतो म्हणून मुंबईतल्या मालकाला त्याला मुंबईत राहण्याएवढा पगार द्यावा लागत नाही. सवलत नेमकी कोणाच्या पदरात पडते, याचाही हिशेब कधीतरी छापावा.

उशीर आणि गर्दी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे समजण्याची चूकही करू नये. एक गाडी रद्द झाली किंवा वीस मिनिटे रखडली की तिची माणसे पुढच्या गाडीत चढतात. अर्धा खाडा पडेल या धास्तीने माणूस पायदानावर एक पाऊल ठेवायला जागा मिळाली तरी लोंबकळतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसे खाली पडली आणि त्यात बळी गेले. अशा वेळी कायदा मात्र प्रवाशाच्या बाजूने आहे, हे घराघरात माहीत असले पाहिजे. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ खाली गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाला तर रेल्वेची चूक होती की नाही हे न बघता भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून ती रक्कम ४ लाखांवरून ८ लाख झाली. सीझन तिकीट असलेला माणूस त्यात येतो. अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितले. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. मेल्यावर आठ लाख आणि जिवंतपणी अर्ध्या तासाची चिठ्ठीही नाही, असा हा कारभार.

लोक चिडतात तेव्हा काय होते तेही आपण पाहिले आहे. २ जानेवारी २०१५ रोजी ठाकुर्लीजवळच्या बिघाडामुळे गाड्या रखडल्या आणि दिवा स्टेशनवर लोक रुळांवर उतरले. दगडफेक झाली, वाहने जळाली, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. लोकांचा संताप आम्ही समजू शकतो. पण रुळावर बसणाऱ्यावर कलम १७४ लागते. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हे पोरांवर दाखल होतात, नोकरीच्या पडताळणीत ते आडवे येतात आणि गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा लेट असते. आपल्या पोरांनी या वाटेने जाऊ नये असे आम्हाला वाटते. कायद्याची वाट लांबची आहे, पण त्या वाटेवर रेल्वेला उत्तर द्यावे लागते.

ती वाट अशी. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून आपल्या रोजच्या गाडीचा क्रमांक लिहावा आणि गेल्या तीन महिन्यांत ती कोणत्या तारखेला किती मिनिटे उशिरा धावली व कारण काय नोंदले, हे मागावे. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर ते दहा रुपयेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. हाच आपला कागद. तो मुकादमाला दाखवता येतो, कामगार आयुक्तांकडे कपातीच्या तक्रारीला जोडता येतो. भाड्याचा परतावा हा विषय दावा न्यायाधिकरणाचा आहे, म्हणून ग्राहक आयोगात भाडे मागत बसू नये. उशिरामुळे झालेले नुकसान आणि माहिती दडवून ठेवल्याबद्दलची भरपाई मागावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकापासून माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही सेवेतली त्रुटीच मानली आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. एकट्याला जड जाते, म्हणून कलम ३५ मध्ये सोय आहे. सारखाच त्रास असलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एक तक्रार करता येते. एका डब्यातून रोज जाणाऱ्या वीस बायांनी एकत्र तक्रार केली तर ती निकालात काढणे सोपे नाही.

गाडीत भजनी मंडळे आहेत, हळदीकुंकू होते, वाढदिवस होतात, पंचवटी एक्स्प्रेससारख्या गाडीत पासधारकांनी आपला डबा आदर्श करून दाखवला आहे. संघटन आहेच. त्याला फक्त एका वहीची जोड द्यायची.

आम्ही त्या ताईंना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, वहीत काय काय लिहायचे? आम्ही सांगितले : तारीख, गाडी किती वाजताची, आली किती वाजता, कामावर किती वाजता पोहोचलात, किती कापले. त्यांना लिहिताना अडखळायला होते. मुलगी नववीत आहे, ती रोज रात्री लिहून देते. परवा भेटल्या तेव्हा पिशवीतून वही काढून दाखवली. शाळेची जुनी वही, पुढच्या पानांवर भूगोल आणि मागच्या पानापासून सुरू केलेला हा हिशेब. ४१ दिवसांच्या नोंदी होत्या. त्यातले १७ दिवस उशीर, ६ अर्धे खाडे. डब्यातल्या आणखी चौघींनी वह्या घातल्यात म्हणे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज येत्या रविवारी लिहायचा ठरला आहे. मेगाब्लॉक असला तर पायी येईन, असे त्या म्हणाल्या.